भोंगा न वाजता आलेला बंब

ती घटना आजही आठवते, असं मी जेवताना म्हटलं की आमची सून ताटं उचलायला लागते आणि मुलगा हात धुवायला उठतो. त्यांचा दोष नाही. नोकरीत असताना माझ्यापुढे बसलेल्या माणसाला उठून जायची सोय नव्हती, त्यामुळे लांबण लावायची सवय लागली ती लागलीच. म्हणून ही हकीकत लिहून काढतो. कागद उठून जात नाही. शिवाय घरी आजवर मी ती अर्धीच सांगितली आहे.

निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. परतूर आणि मंठा यांच्या मधल्या पट्ट्यात एका ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. नावं कुणाचीच सांगत नाही, गावांचीही नाही. एक रेल्वेकडचं गाव. तिथं माझं ठाणं, कापसाची जिनिंग आणि तिला जोडून सरकीचं तेल काढायची गिरणी. दुसरं गाव दीड कोसावर, ओढ्यापलीकडे. तिथंही बाजार, तिथंही कापूस.

दोन्ही गावांना सरकारने एकेक पाण्याचा बंब दिला होता. बैलांनी ओढायची गाडी, तिच्यावर टाकी, आणि दोन्ही अंगांना चार-चार माणसांनी वरखाली करायचे दांडे. दोन्ही बंब एकाच कारखान्याचे, एकाच लाल रंगाचे. पाटीवरचं गावाचं नाव तेवढं वेगळं. आमच्या बंबवाल्याला सगळे मामा म्हणत, पलीकडच्या बंबवाल्याला तात्या. दोघंही पन्नाशी उलटलेले. तात्या धनगर, पूर्वी मेंढरं घेऊन फिरलेला. त्यामुळे कमी बोलायचा आणि आभाळाकडे जास्त बघायचा.

एका उन्हाळ्यात दोन्ही गावांना आगीचा फटका बसला, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी दोन गावांत करार करायचं ठरवलं. एकाकडे आग लागली की दुसऱ्याने बंब घेऊन धावायचं. मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन रात्री जागून कलमं लिहिली. आग लागल्यावर गिरणीचा भोंगा लांब सुरात तीनदा वाजवावा, तो ऐकताच शेजारच्या बंबाने निघावं. भोंगा वाजल्याशिवाय बंब गावाबाहेर नेऊ नये, नेल्यास बंबवाला कसुरवार. हे कलम घालायला कारण होतं. एका लग्नघरानं ‘आग, आग’ असा निरोप धाडून बंब बोलावला आणि वऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी भरून घेतलं होतं. आणखी एक कलम असं की मदतीला आलेली माणसं आणि बैलं आपल्या गावी परत पोहोचेपर्यंत त्यांचं खाणं आणि वैरण यजमान गावाने पाहावी. करार उर्दूत मोहोरबंद झाला आणि चावडीत मी तो मराठीत वाचून दाखवला. मसुद्यात एकही भोक नाही, असं मी त्या दिवशी घरी तीनदा बोललो. आमची मंडळी म्हणाली, “चाळणीला पण तसंच वाटत असेल.”

पुढे दीड-दोन वर्षांनी खंडेनवमीला ते भोक दिसलं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. ज्याचं पोट ज्या अवजारावर, त्याने ते त्या दिवशी धुवायचं, पुजायचं आणि वापरायचं नाही. जिनिंगमध्ये सकाळी मोठी पूजा झाली. नव्या कापसाचा ढीग यंत्रापुढे ओटी भरल्यासारखा रचला होता. मालक बाहेरगावी होते, म्हणून दिवाणजींनी मला बोलावून मानाच्या पाटावर बसवलं. माझ्या हस्ते समई लावली, नारळ फुटला. माझ्या कपाळाला एवढं कुंकू लागलं की ठाण्यातले जवान मलाही अवजारांतच धरायला लागले. मी पेढे घेऊन घरी आलो, जेवलो आणि आडवा झालो.

दुपारी तीनच्या सुमाराला ओरडा झाला. जिनिंगच्या शेडातून धूर निघत होता. मी टोपी घालून, पट्टा बांधून पोहोचलो. पट्टा बांधायला वेळ लागला, जेवण जास्त झालं होतं. पाहतो तर पलीकडचा बंब माझ्या आधी हजर. तात्या नळीचं तोंड धरून दारात उभा, त्याची आठ माणसं दांडे मारतायत आणि पाण्याची धार थेट छपरापर्यंत जातेय. मामा आणि आमच्या बंबाची माणसं बादल्या देत होती. अर्ध्या तासात आग आटोक्यात आली. निम्मा कापूस गेला, निम्मा वाचला, माणूस एकही गेला नाही. तापलेली कडी ओढताना तात्याचा उजवा पंजा भाजला. मी सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सोनं वाटत होतो, एवढ्यात दिवाणजी आपट्याची पानं घेऊन आले. पानं दिली, पण जाईनात. टोपी काढली, घातली.

“अमीनसाहेब, एक अर्ज होता. काल भोंगा वाजला का?”

मी आठवून पाहिलं. वाजला नव्हता. वाजणारच कसा? भोंगा वाफेवर वाजतो आणि पूजेसाठी बॉयलर आदल्या संध्याकाळीच थंड केला होता. वर्षातून एक दिवस गिरणी मुकी असते, हे करार लिहिणाऱ्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“मंग तात्याला कळलं कसं?” दिवाणजी हळूच म्हणाले. “बोलवायला जो माणूस निघाला, त्याला बंब वेशीतच भेटला. आग लागायच्या आधीच निघाल्यावानी आला की तो.”

मला ते एकदम पटलं. मागच्या हंगामात जिनिंगने तात्याच्या गाडीतला कापूस ओला म्हणून परत केला होता, तेव्हा शिवीगाळही झाली होती. हेतू मिळाला, संशय मिळाला. तात्याला ठाण्यात आणलं, रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या वहीत, नोंद केली आणि हवालातीत बसवलं.

त्याचा इजहार, म्हणजे जबाब, घ्यायला बसलो. तो जबाब मला तोंडपाठ आहे, कारण एवढा छोटा जबाब मी पुन्हा कधी लिहिला नाही.

“तात्या, भोंगा वाजला नव्हता. तुम्हाला कळलं कसं?”

“वास आला.”

“वारा तुमच्याकडून इकडं होता.”

“मंग धूर दिसला असंल.”

“दीड कोसावरून? मधे टेकाड असताना?”

तात्याने विचार केला. “साहेब, तुमचं बराबर हाय. मला बी तसंच वाटून राह्यलंय.”

“आग तुम्ही लावली?”

“न्हाई.”

“मग आलात कसे?”

“आल्तो. आलो न्हाई असं म्या कुटं म्हनलं?”

चार दिवस हेच चाललं. त्याच्या आठ माणसांना विचारलं, तर प्रत्येकाचं एकच, “तात्याला इचारा.” आमचे जमादार म्हणायला लागले, “साहेब, हा बिलकुल बोलून न्हाई राह्यला. मीच कबूल करू का? सुटका तरी हुईल.” जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना तेव्हा मोहतमीम म्हणत. त्यांचा कागद आला की आठ दिवसांत चालान करा, म्हणजे आरोपीला कोर्टापुढे उभा करा. आग लावण्याचा गुन्हा म्हणजे लांबलचक सक्तमजुरी. तात्याचं वय पाहता तो तुरुंगातून चालत परत येण्याची आशा थोडी होती. पलीकडच्या गावचे पाटील येऊन शांतपणे सांगून गेले, “तात्या आत गेला की आमचा बंब पुन्यांदा ओढा उतरणार न्हाई. तुमचं गाव जळू द्या न्हाईतर राहू द्या.”

या चार दिवसांत एक गोष्ट मला खटकत होती. मामा रोज दोन वेळा फडक्यात भाकरी बांधून ठाण्यात यायचा. तात्याचा हात भाजलेला, म्हणून गजांपलीकडे बसून त्याच्या भाकरीचे तुकडे करून द्यायचा. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. कैद्याला ठाण्याचं जेवण मिळत असताना हे कशाला, म्हणून मी मामाला हटकलं.

“करारात हाय की साहेब,” मामा म्हणाला. “तुमीच वाचून दावलं चावडीत. मदतीला आलेला मानूस परत पोचंस्तोर त्याचं खानं आपल्या गावाकडं. त्यो अजून परत कुटं गेलाय?”

कलम माझंच होतं. जमादार छताकडे बघत राहिले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तर बाहेर दोन पाहुणे, आणि स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलेलं. स्टोव्ह फरफर पेटला होता. मी पाहिलं, त्याच्या टाकीला पोचा होता. आमच्या स्टोव्हला पोचा नाही.

“हा कुणाचा?” मी मंडळींना विचारलं.

“पोस्टमास्तरांच्या घरचा. आपल्याला हवा भरत नाही, आतलं चामड्याचं वायसर वाळून गेलंय. लढाईमुळं दुकानात मिळत नाही. आमच्या दोघींत मिळून एकच चांगलं आहे. त्यांच्याकडे पाहुणे आले की तिकडं, आपल्याकडे आले की इकडं.”

“मग वायसर आणायचं. अख्खा स्टोव्ह कशाला?”

“आज ते निघेना. पाहुणे दारात. मग काय करणार, स्टोव्हच बदलून आणला.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुमचा चहा कधी थांबला का?”

मी कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चहा निवला. तपासात काही सुचलं की माझा चेहरा कसा होतो ते मला माहीत नाही, पण मंडळी म्हणाली, “पोट दुखतंय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या बंबशेडापुढे आठ माणसं बोलावली. टाकी भरायला लावली. नळीचं तोंड माझ्याकडे वळवायला सांगितलं आणि सहा पावलांवर समोर उभा राहिलो. अंगावर पूर्ण पोशाख, नुकती इस्त्री केलेला.

“साहेब, भिजाल,” जमादार म्हणाले.

“भिजलो तर माझं चुकलं.”

आठ माणसांनी दांडे मारले. नळीतून फुस्स आवाज आला, मग पान खाणाऱ्याने थुंकावं तेवढं पाणी आलं. त्यांनी आणखी जोर केला. मी कोरडाच राहिलो. गावातली माणसं जमली होती. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण या बंबाच्या भरवशावर आपण झोपतो हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

मामा जागीच उकिडवा बसला.

“दट्ट्याच्या चामड्याच्या वाट्या गेल्यात साहेब. वरीस झालं. आमच्या बी, त्यांच्या बी. एकच जोड चांगला हाय, दोघांत मिळून. तहसिलीत पाच अर्ज दिले. एक वापस आला, चामडं कोंच्या जनावराचं ते लिहा म्हनून. बाकीचे आलेच न्हाईत.”

मग सगळं बाहेर आलं. मुआयना, म्हणजे सरकारी तपासणी, ज्या गावाला असेल तिकडे तो जोड भाकरीच्या फडक्यातून जायचा. दोन्ही बंब दुरुस्त असल्याचा शेरा दर वेळी मीच मारलेला होता. करार दोन बंबांनी एका आगीवर धावण्याचा. या दोघांनी एका बंबावर दोन गावं राखायची ठरवली होती. आग कुठंही लागो, ज्याच्याकडे वाट्या तो पाणी मारणार आणि दुसरा नुसता बंब घेऊन शेजारी उभा राहणार. लोकांना दोन बंब दिसले म्हणजे झालं.

खंडेनवमीला मात्र अडचण होती. पूजेनंतर चार मानकऱ्यांसमोर बंबाने निंबाच्या शेंड्यापर्यंत धार उडवायची, अशी बंबापुरती दोन्हीकडे रीत. पलीकडे ती सकाळी, आमच्याकडे दुपारी चारला. सकाळची धार उडवून तात्या वाट्या काढायला बसला तर नट गंजलेला. निघेना. मग त्याने पाटीवर झेंडूची माळ बांधून गावाचं नाव झाकलं आणि अख्खा बंबच जुंपला. मामा धुवायच्या निमित्ताने आपला बंब घेऊन ओढ्यात थांबला होता. तिथं बंबांची अदलाबदल करायची होती.

“ओढ्यात पोचतोय तर आपल्या गावावर धूर,” मामा म्हणाला. “तात्या म्हनला, आता बदलत बसत न्हाई, तसाच जातो. गेला.”

“हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? माणूस तुरुंगात जाईल ना.”

“त्यानंच शपथ घातली. म्हनला, आग म्या लावली न्हाई, आज ना उद्या सोडतील. तू तोंड उघडलंस तर दोगांची बी नोकरी जाईल, अन् दोन्ही गावांत बंब न्हाई हे उघडं पडंल. मंग मानसं झोपतील कशी?” त्याने डोळे पुसले. “रोज भाकर मोडताना वाटायचं, सांगावं. त्यो नुसता बघायचा.”

तात्यापुढे हे वाचून दाखवलं तेव्हा तो मामाकडे बघत एवढंच म्हणाला, “जमलं न्हाई का गप बसायला?”

माझ्या घरच्यांना माहीत असलेली गोष्ट इथं संपते. स्टोव्हवरून बंबाचा छडा लावणारा अमीन, एवढंच मी सांगत आलो. पण तात्याने आग लावली नाही, तर लागली कशी, हे माझ्या मुलाने कधी विचारलं नाही. तोपर्यंत तो हात धुवायला गेलेला असायचा.

मी पंचनामा पुन्हा वाचला. जळालेल्या मालाच्या यादीत माझ्याच अक्षरात एक ओळ होती: पितळी समई, वाकलेली, यंत्राजवळ, एक. मी दिवाणजींना बोलावलं.

“पूजेनंतर त्या शेडात कोण गेलं?”

“कुणी न्हाई. दार लोटून घेतलं होतं. वाऱ्यानं दिवा जाऊ नये म्हनून.”

“समई कापसाच्या ढिगापासून किती लांब होती?”

दिवाणजी टोपीशी खेळायला लागले. “साहेब, तुमी पाटावर बसला होता तिथून हात पुरंल एवढी.”

“मग हे आधी का नाही बोललात?”

“कसं बोलू?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मालकाला काय सांगू? समई मी ठेवली, अन् लावली कुनी? अमीनसाहेबांनी. तुमचं नाव घेऊ? मंग भोंग्याचं बोललो. तात्यावर बालंट आणायचं मनात नव्हतं, आईची आन. तुमी विचाराल अन् सोडून द्याल, असं वाटलं.”

त्या शेडात हवेतसुद्धा कापसाचे तंतू तरंगतात. तिथं बिडीला बंदी, काडी ओढायला बंदी. बंदीची पाटी माझ्या सहीची होती. तिच्याखाली बसून मी काडी ओढली होती आणि वर पेढे घेतले होते.

रात्री अहवाल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘समई लावण्यात आली’. सरकारी भाषेची ही सोय फार मोठी आहे, तिच्यात कुणी काही करत नाही, सगळं होऊन जातं. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं, ‘उपस्थितांपैकी एकाने’. जमादार दिवा धरून उभे होते. म्हणाले, “हे बी बराबर हाय साहेब. तुमी उपस्थित होताच.” मी सकाळी बघू म्हणून कागद मिटला. माझ्या बढतीचे कागद त्याच महिन्यात वर गेले होते, हे सांगायला हवं.

सकाळी मामा भाकरी घेऊन आला. अहवालावर सही होईपर्यंत तात्या आतच होता. मामाने फडकं सोडलं, भाकरी मोडली, तुकडा पिठल्याला लावून गजांतून दिला. आता दोघं बोलत होते. बैलाच्या खुराबद्दल काहीतरी. ज्या माणसाने दुसऱ्याची नोकरी राखायला तोंड मिटलं, तो माझ्या दिव्यापायी गजाआड बसून भाकरी खात होता आणि मी ‘उपस्थितांपैकी एक’ होतो.

मी तिसरा मसुदा लिहिला. समई माझ्या हातून लावली गेली, ती कापसापासून लांब ठेवायला सांगणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. सोबत मामाचा वापस आलेला अर्ज जोडला, बाकी चारांची नोंद तहसिलीतून उतरवून आणली आणि बंब दुरुस्त असल्याचे माझे शेरे चुकीचे होते हेही लिहिलं.

बढती तीन वर्षं मागे पडली. नोकरीच्या कागदांत एक ताकीद चढली, ती निवृत्तीपर्यंत माझ्यासोबत आली. दिवाणजींना मालक रागावले, पण कामावर ठेवून घेतलं. मामा आणि तात्याला समज मिळाली, नोकरी राहिली. आणि महिनाभरात चामड्याच्या वाट्यांचे चार जोड आले. कोणत्या जनावराचं चामडं, हे या खेपेला कुणी विचारलं नाही. करार मी पुन्हा लिहिला. त्यात भोंग्याबरोबर देवळाचा नगारा, घोडेस्वार आणि झेंडा आले, आणि एक ओळ अशी: ज्याला धूर दिसेल त्याने निघावं, विचारपूस मागाहून करावी. या वेळी तो आधी घरी मंडळींना वाचून दाखवला, मग चावडीत.

पुढे कितीतरी तपास केले. पण त्या तपासाने शिकवलेलं विसरलो नाही. आग लागल्यावर शंभर माणसं नुसती बघत उभी होती. त्यांतल्या एकालाही मी विचारलं नाही की तू का आला नाहीस. जो आला, त्यालाच धरून पाच दिवस विचारत बसलो, तू आलास कसा. पोलिसाला हा प्रश्न विचारावाच लागतो. फक्त तो विचारताना आपले हात एकदा पाहून घ्यावेत, काडीचं काळं लागलंय का ते.

तात्या सुटला त्या दिवशी मामाने स्वतः गाडी जुंपली आणि त्याला पलीकडे पोचवून आला. संध्याकाळी तो ठाण्यात आला आणि दारातच उभा राहिला.

“आता काय मामा?”

“नोंद करा साहेब. मदतीला आलेला मानूस घरी पोचला. त्याचं खानं आपल्या गावाकडून संपलं.”

मी रोजनामचा उघडला आणि मामाने सांगितलं तसंच, त्याच शब्दांत लिहिलं.